डाग आणि डागडुजी

मराठीतला ‘डाग’ हा शब्द एका अर्थावर समाधान मानणारा नाही. धोतरावर पडतो तो डाग. गुराच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाने देतात तोही डाग. तोफ ‘डागली’ जाते, जुन्या बायका अंगावरच्या सोन्याच्या जिनसालाही ‘डाग’ म्हणत, आणि पडक्या भिंतीची दुरुस्ती ती ‘डागडुजी’. फारसीत ‘दाग़’ म्हणजे चटका, खूण. अकबराच्या लष्करात घोड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांना दाग देण्याची रीतच होती. म्हणजे डाग हा केवळ कलंक नव्हे. ही वस्तू कोणाची, हे सांगणारा तो एक पुरावाही आहे. घरातल्या लाकडी सामानावरचे हट्टी डाग काढायला बसलो तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. डाग काढावा कसा, याची कृती पुढे येईलच. पण तो कोणाचा, हे आधी ठरवावे लागते.

इंदिरानगर ही नाशिकमधली तशी अलीकडची वस्ती. जुन्या गावातले वाडे मोडकळीला आले, भाऊबंदांत वाटण्या झाल्या, आणि अनेक कुटुंबे भांडीकुंडी, देव्हारा व दोन-चार लाकडी जिनसा घेऊन शहराच्या या बाजूला आली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. सराफ बाजाराजवळच्या वाड्यातून १९८८ साली टेम्पोत घालून जे आणले, त्यात अण्णांचे सागवानी टेबल होते. अण्णा माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत. निबंध तपासणे, पत्रे लिहिणे, संध्याकाळचा चहा, हे सारे त्यांनी हयातभर त्या टेबलावर केले. अण्णा आता नाहीत. आई ८४ वर्षांच्या आहेत. आम्ही दोघेही पेशाने साहित्याचे शिक्षक. आई आमच्यातल्या एकाच्या आई आणि दुसऱ्याच्या सासूबाई. टेबल आता नातीला हवे आहे. ती कायद्याचा अभ्यास करते आणि तिची मागणी एवढीच, की ‘त्याच्यावर कागद ठेवला तर चिकटू नये.’

टेबलावर काय काय होते, ते सांगतो. उजव्या हाताला एकमेकांत गुंतलेली पांढरी वर्तुळे, कपांची. मधोमध लाल शाईचा ओघळ. एका कोपऱ्यात हळदीचा पिवळा ठसा. इंदिरानगरला आल्यावर काही वर्षे ते टेबल जेवणासाठीही वापरले गेले, त्याची ही खूण. डाव्या बाजूला चार काळे ठिपके, एका मोठ्या आयताच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे. आणि चारही पायांवर, वरच्या फळीच्या वीतभर खाली, एक मळकट आडवी रेघ. ही रेघ १९६९ च्या महापुराची. गोदाकाठच्या माणसाला ती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. आमच्या गावात पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. कमरेला लागला, गळ्याला लागला, असा. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले की महापूर. पाण्याने जिथवर खूण केली, तिथवरचा इतिहास, असा हा साधा हिशेब आहे.

डाग काढण्याच्या विद्येतला पहिला धडा असा, की डाग वस्तूवर नसतो. वस्तूच्या कुठल्या तरी एका थरात असतो. तो थर ओळखला की निम्मे काम झाले. जुन्या सागवानी सामानावर बहुधा लाखेचे पॉलिश असते. लाखेचे किडे झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर जो राळेसारखा स्राव सोडतात, त्यापासून चपडा लाख होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने एकावर एक असे अनेक पातळ हात द्यायचे, हे जुने फ्रेंच पॉलिश. या लाखेचे महत्त्व एवढे होते, की १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे तिच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. अलीकडच्या फर्निचरवर मात्र मेलामाइन किंवा पीयू असते, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली सनमायका. तिन्हींचे स्वभाव निराळे. परीक्षा सोपी आहे: टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टेकवावा. जागा चिकट झाली तर लाख समजावी, आणि पुढे त्या टेबलाजवळ स्पिरिट फार जपून न्यावे. लाख ज्यात विरघळते, त्यानेच ती पुसायला गेल्यास डागाबरोबर पॉलिशही निघून येते.

कपांची पांढरी वर्तुळे ही लाकडातली नसतात. गरम, ओल्या बुडाखालची वाफ लाखेच्या थरात शिरते आणि तिथे सूक्ष्म पोकळ्या धरते. प्रकाश त्यांवरून विखुरला की थर पांढुरका दिसतो. लाकूड खाली जसेच्या तसे असते. म्हणून उपाय ओलावा घालण्याचा नव्हे, काढण्याचा. सुती कापडाची जाड घडी वर्तुळावर ठेवून कोमट इस्त्री क्षणभर टेकवायची, उचलायची, पाहायचे. पाण्याची वाफ सोडणारी इस्त्री असेल तर ती वाफ बंद ठेवायची. एवढ्याने भागले नाही, तर चाळलेली बारीक राख आणि गोडे तेल बोटाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलके चोळायचे. घाई केली तर लाख मऊ होऊन कापडाची वीण तिच्यावर उमटते.

हळदीचे शास्त्र वेगळे. तिचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे आहे, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून फोडणीचा डाग ओल्या फडक्याला दाद देत नाही. त्यावर साबण किंवा धुण्याचा सोडा लावला तर तो लाल होतो. हे पाहून अनेकजण दचकतात. पण हळदीला क्षार लागला की ती तांबडी होते, आणि घरोघर कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी होती. लिंबाचा हात फिरवला की तो पुन्हा पिवळा होतो. हळदीचा खरा शत्रू ऊन. सनमायकावर असलेला ठसा आधी सौम्य साबणाने पुसून त्यावर खिडकीतले ऊन दोन-तीन दिवस पडू द्यावे. तो आपोआप फिका पडतो. तारेच्या घासणीने घासण्यात अर्थ नाही. सनमायकाचा वरचा थर कठीण, गुळगुळीत असतो, डाग त्यात शिरत नाही. घासणीने ओरखडे पाडले की मग मात्र पुढच्या हळदीला बसायला कायमची जागा मिळते.

उरतो काळा डाग. साहित्याच्या लोकांना यात विशेष रस वाटावा असे कारण आहे. सागासारख्या लाकडात तुरट द्रव्य असते. पॉलिश फाटून ओलावा आत शिरला आणि सोबत लोखंड आले, की दोघांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. मायफळ आणि हिराकस एकत्र करून जुन्या काळी जी शाई करीत, तिच्यामागची क्रिया नेमकी हीच. दौतीत जी मुद्दाम घडवली जाई, ती शाई इथे लाकूड आणि लोखंड न विचारता घडवतात. हा डाग लाकडाच्या आत असतो. वरचे पॉलिश काढल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक कोमट पाण्यात विरघळवून लावतात. ते आम्ल लोखंडाला धरून त्याचे विरघळणारे संयुग करते, आणि ते पाण्याने पुसून घेता येते. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे, उघडी खिडकी, स्वयंपाकाबाहेरचे भांडे आणि शेवटी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसणे, यात कसूर करू नये.

एवढी माहिती गोळा होईपर्यंत घरात दोन पक्ष पडले होते. पॉलिशवाले मिस्त्री येऊन गेले. त्यांनी फळीवर हात फिरवला, टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाले, ‘सर, माल अस्सल आहे. मशीन मारतो, वर पीयू देतो, शोरूममधून आणल्यासारखं करून देतो.’ आमच्यातला एक पक्ष याला राजी होता, कारण नातीला अभ्यासाला टेबल हवे होते, संग्रहालय नव्हे. दुसरा पक्ष म्हणत होता, की लाकडाचे अर्धा सूत घासून काढणे म्हणजे अण्णांची चाळीस वर्षे भुश्श्यात घालवणे. हा दुसरा पक्ष साहित्याच्या वर्गात लवकर बहुमतात येतो. जुन्या वस्तूवरची झीज, ठसे, ओरखडे यांना आपण हल्ली ‘संहिता’ म्हणू लागलो आहोत आणि संहितेला हात लावणे आपल्याला पाप वाटते.

परंतु साहित्याच्याच इतिहासात याचे उलट दाखले आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठोपाठच्या नकलांत शिरलेले अपपाठ त्यांना खटकले. त्यांनी ते पुजले नाहीत, काढले, आणि पुढे कोणी भर घालू नये अशी ताकीदही दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. सुकथनकरांनी घालून दिलेली तिची शिस्त आमच्या कामाला जास्त उपयोगी पडली. जे मूळ संहितेत बसत नाही ते वर ठेवायचे नाही. पण फेकायचेही नाही. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत, कुठल्या प्रतीत सापडते या नोंदीसह छापायचे. वाचकाला स्वच्छ पाठ मिळतो आणि काय काढले याचा हिशेबही मिळतो. मिस्त्रींच्या मशीनशी आमचे भांडण एवढेच, की त्याला तळटीप नसते.

हा युक्तिवाद आम्ही जेवताना आईंपुढे मांडला. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘डाग म्हणजे आठवण, असं तुम्ही म्हणता. मला ते टेबल पुसायचं काम होतं.’

आम्ही गप्प राहिलो, तेव्हा त्याच पुढे बोलल्या. ‘कपाबरोबर बशी मी रोज देत होते. ते बशी बाजूला सारायचे आणि कप लाकडावर ठेवायचे. रोज. मी सांगायचे थांबले, पुसायचे थांबले नाही. आणि तो काळा चौकोन, तो तर काढाच. बाकीचं काय हवं ते करा.’

काळ्या चौकोनाची गोष्ट आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ आहे. पुराचे पाणी वाड्यात शिरले तेव्हा अण्णांनी पुस्तकांची लोखंडी ट्रंक उचलून टेबलावर ठेवली. पाणी फळीच्या वीतभर खाली थांबले आणि पुस्तके वाचली. ओल्या ट्रंकेचे चार कोपरे टेबलावर कायमचे उमटले. पाहुण्यांना ही गोष्ट सांगताना अण्णा त्या ठिपक्यांवर बोट ठेवीत. घरात विद्येला काय स्थान होते, याचा तो आमचा दाखला. आई त्या वेळी चहा आणून ठेवीत आणि आत जात.

‘माझं हाताचं शिलाई मशीन जमिनीवर होतं,’ आई म्हणाल्या. ‘ट्रंकेशेजारी मावलं असतं. वर कोणी घेतलं नाही. चार घरचे ब्लाउज मी त्याच्यावर शिवत होते. गाळ काढला तेव्हा ते गंजून बसलं होतं. मग नवीन काही झालं नाही.’ आवाजात तक्रार नव्हती. पिठाचा डबा कुठे ठेवला आहे ते सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. ‘पुस्तकं वाचली हे खरं आहे. मशीन गेलं, हेही खरं आहे. त्या ठिपक्यांवर बोट ठेवून पहिलंच सांगतात.’

साहित्याचे शिक्षक पाठभेदाची व्याख्या सहज सांगतात. एकाच ओळीची दोन वाचने, दोन्हींना आधार असलेली. इथे एकाच डागाची दोन वाचने होती आणि त्यांतले एकच पाच दशके घरात प्रचलित होते. ते खोटे नव्हते. दुसऱ्या वाचनाच्या मालकिणीला मात्र ते दररोज फडक्याने पुसावे लागत होते. जुन्या वस्तूंवरच्या खुणा जपाव्यात, हे म्हणणे ज्याला त्या खुणा पुसाव्या लागल्या नाहीत त्याच्या तोंडी जास्त शोभते, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. वापरणाऱ्याचा डाग दिसतो. पुसणारीचे काम नीट झाले, तर ते दिसतच नाही. एका बाजूला सारे अवशेष आणि दुसऱ्या बाजूला केवळ स्वच्छ फळी, असा हा विषम पुरावा आहे. तो वाचायचा तर जे उरले त्याच्याबरोबर जे राहिले नाही त्याचाही विचार करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी उन्हात टेबल काढले तेव्हा एक गोष्ट दिसली. फळीची पुढची कड, सुमारे चार बोटे रुंदीची, बाकीच्या टेबलापेक्षा फिकी होती. तिथे लाख जवळजवळ शिल्लक नव्हती. बसणाऱ्याच्या मनगटांनी ती झिजली असेल असे म्हणावे, तर फिकेपणा मधोमध असायला हवा होता. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा होता. ओले फडके डावीकडून उजवीकडे नेऊन कडेवरून खाली ओढायचे, अशी आईंची पुसण्याची सवय आम्ही रोज पाहतो. पाणी आणि घर्षण यांनी लाखेचा थर हळूहळू जातो, हे वर सांगितलेल्या शास्त्राला धरूनच आहे. म्हणजे पुसण्याचाही डाग पडतो. त्याला रंग नसतो, म्हणून तो कोणाच्या नजरेत येत नाही.

मग कामाचा क्रम आईंनी ठरवला. मशीन नको, हे त्यांनाही मान्य होते, पण कारण निराळे: ‘एवढं चांगलं लाकूड घासून कशाला कमी करायचं?’ कपांची वर्तुळे इस्त्रीने आणि राखेने गेली. दोन ठिकाणी पुसट कड राहिली. हळदीचा ठसा चार दिवसांच्या उन्हात ओळखू येईनासा झाला. लाल शाई लाकडाच्या छिद्रांत खोल उतरली होती. ती थोडी उजळली, गेली नाही. तिच्यासाठी आणखी तीव्र काही वापरू नये, यावर एकमत झाले. काळ्या चौकोनासाठी तेवढ्या भागाचे पॉलिश उतरवून आम्ल तीनदा लावले. तीन कोपरे पूर्ण गेले, चौथ्याची सावली उरली. आईंनी चष्मा लावून पाहिले आणि ‘चालेल’ म्हणाल्या. पायांवरच्या पुराच्या रेघेला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. ‘पाणी कुठवर आलं होतं, ते सांगायला बरी पडते.’ शेवटी मिस्त्रींनीच येऊन लाखेचे नवे हात दिले. पीयू न दिल्याबद्दल त्यांची नाराजी होती. पण लाखेची डागडुजी पुन्हा होऊ शकते, जुन्या थरात नवा थर मिसळतो, हे त्यांनी आमच्या आधीच नातीला समजावून सांगितले.

काढलेल्याची नोंद ठेवावी, हे सुकथनकरांकडून घेतलेले तत्त्व आम्ही सोडले नाही. काम सुरू करण्यापूर्वी फळीची छायाचित्रे काढली होती. एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर टेबलाचा आराखडा काढून प्रत्येक डागाला क्रमांक दिला, समोर तो कशाचा, केव्हाचा, काढला की ठेवला, हे लिहिले. क्रमांक ४ पुढे, म्हणजे काळ्या चौकोनापुढे, दोन ओळी आहेत: अण्णांच्या सांगण्याप्रमाणे एक, आईंच्या सांगण्याप्रमाणे दुसरी. कुठली वर लिहावी यावर नातीने बराच खल केला. अखेर तिने त्या शेजारीशेजारी लिहिल्या. वही टेबलाच्या खणात आहे.

फिक्या कडेचा क्रमांक ७. नवे पॉलिश देताना तिथेही हात द्यावा लागला, त्यामुळे आता ती दिसत नाही. तिच्यापुढे काय लिहू, असे नातीने आजीला विचारले. आईंनी आधी ‘त्यात काय लिहायचं’ म्हणून उडवून लावले. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून स्वतःचे नाव सांगितले, लग्नानंतरचे पूर्ण नाव, आणि ‘१९६५ पासून’ असे त्यापुढे लिहायला लावले.

टेबल सध्या खिडकीपाशी आहे. त्याच्यावर कायद्याची जाडजूड पुस्तके, लॅपटॉप आणि चहाचा कप असतो. कपाखाली बशी असते.